गेलेल्या आट्यांवर हेलिकॉइल: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

इंजिनच्या कव्हरचा बोल्ट आवळतोय आवळतोय आणि तो घट्ट व्हायचं सोडून नुसताच फिरतोय, असं झालं की बहुतेक गॅरेजमध्ये दोन उपाय मिळतात. एक नंबर मोठा बोल्ट ठोकायचा, नाहीतर त्याच बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळून देवावर हवाला ठेवायचा. तिसरा उपाय हेलिकॉइलचा, म्हणजे भोकात नवे आटे कापून त्यांत तारेची स्प्रिंग बसवायचा. शिमग्याच्या सुमारास मी त्याचं किट ऑनलाइन मागवलं आणि पावसाळाभर गाडी त्यावरच चालवली. निकाल आधीच सांगून टाकतो: क्लच कव्हरच्या बोल्टांसाठी दहापैकी नऊ, ऑइलच्या ड्रेन नटासाठी दहापैकी चार.

गाडी १५० सीसीची, सेकंडहँड. रोजचं सातारा-कोरेगाव आणि रविवारी जमलं तर यवतेश्वर घाटातून कास. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी क्लच कव्हरचे बोल्ट जीव खाऊन आवळले होते. खालचे दोन खोलले तर त्यांच्या टोकाला ॲल्युमिनियमची बारीक वळलेली तार गुंडाळूनच आली. ती तार म्हणजेच भोकातले आटे. ड्रेन नट तर घेतल्यापासूनच टेपवर चालला होता आणि गाडी लावली की खाली तेलाचा टिकला उमटायचा.

क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं कवच, ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा. दोघांत कुस्ती लागली की हरणार कोण हे ठरलेलं. एम-६ च्या, म्हणजे ६ मिमी जाडीच्या, कव्हर बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन मीटर पुरतात. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पाचएक किलोचा जोर, बस. आपल्याकडे मात्र पान्यावर पाइप चढवून 'आता हलणार नाय' म्हणणारे आहेत. हलत नाही हे खरं, पुढच्या वेळी आट्यांसकट निघतो. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. कव्हरचे सगळे बोल्ट एका लांबीचे नसतात. आखूड बोल्ट खोल भोकात गेला तर तो दोन-तीन आट्यांवरच लटकतो आणि तेवढेच आटे खातो. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या-त्या जागी भोक पाडून बोल्ट खोचून ठेवले, तर ही भानगड होत नाही.

किट मागवताना नंबरचा घोळ होतो. पान्याचा नंबर आणि बोल्टचा साइझ या वेगळ्या गोष्टी आहेत. ८ नंबरच्या पान्याने उघडतो तो बोल्ट बहुधा एम-६ असतो, १० नंबरवालाही बऱ्याचदा एम-६ च. १२ च्या पान्याचा एम-८. पान्यावरचा आकडा बघून एम-८ चं किट मागवलेले दोघे माझ्याच ओळखीत आहेत. व्हर्नियर असेल तर बोल्टच्या दांड्याची जाडी मोजा, नसेल तर दुकानात बोल्ट घेऊन जा. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं मिमीतलं अंतर, तेही बघा: एम-६ ला १, एम-८ ला बहुतेक वेळा १.२५, आणि ड्रेन नट माझ्या गाडीत एम-१२ ला १.५.

कॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारख्या छेदाच्या तारेची स्प्रिंग. आतली बाजू बोल्टचे आटे होते, बाहेरची बाजू ॲल्युमिनियममध्ये कापलेल्या नव्या, मोठ्या आट्यांत बसते. सुटी असताना ती भोकापेक्षा किंचित जाड असते. पिळून आत घातली की फुगून धरते. एम-६ साठी कापलेले नवे आटे बाहेरून साधारण ७.३ मिमीचे होतात, म्हणजे ॲल्युमिनियमवरचा भार जास्त जागेवर पसरतो. म्हणून नीट बसलेली कॉइल मूळच्या आट्यांपेक्षाही मजबूत निघते. ऐकायला जाहिरात वाटते, पण कारण एवढं साधं आहे. आणि फायदा असा की बोल्ट कंपनीचा, जुन्याच मापाचा राहतो. मोठा बोल्ट मारला की कव्हरचं भोकही मोठं करावं लागतं आणि पुढच्या मेकॅनिकच्या शिव्या खाव्या लागतात त्या वेगळ्याच.

आता कामाबद्दल, कारण सगळं यश-अपयश इथे आहे. एम-६ साठी भोक ६.३ मिमीचं पाडायचं. हार्डवेअरच्या दुकानात ६.३ लगेच मिळत नाही, तिथे '६.५ घ्या की, काय फरक पडतोय' असं ऐकायला मिळतं. फरक पडतो. ६.५ ने आटे उथळ कापले जातात आणि कॉइलला धरायला काही उरत नाही. किटसोबतचा टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, वेगळ्या मापाचा असतो, बाजारातला साधा एम-७ त्याच्या जागी चालत नाही. टॅप अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे असा चालवायचा, म्हणजे कीस तुटत राहतो. ॲल्युमिनियमला रॉकेल उत्तम, पण ते आता मिळतंय कुठे? मी डब्लूडी-४० मारला.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे काटकोन. हातातल्या ड्रिलने भोक दोन अंश जरी कललं तरी बोल्ट तिरका उभा राहतो आणि कव्हरच्या भोकात घासतो. मी लाकडाच्या जाड ठोकळ्यात स्टँडच्या ड्रिलने सरळ भोक पाडून तो ठोकळा वाट दाखवायला वापरला. गाडी मेन स्टँडवर नाही, आडवी कलती ठेवली, म्हणजे भोकाचं तोंड खाली आणि कीस बाहेरच पडतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की उरलेला कीस त्याला चिकटून येतो. शेवटी स्वस्तातलं ऑइल ओतून, काढून इंजिन धुतलं.

कॉइल वरच्या कडेपासून पाव ते अर्धा वेढा आत गेली पाहिजे. वर राहिली तर कव्हर बसत नाही. मग तिच्या तळाची आडवी शेपटी तोडायची. आरपार भोक असेल तर ही शेपटी थेट तेलात पडू शकते, आणि स्टेनलेस असल्याने चुंबकाला जेमतेमच चिकटते. अशा जागी पंच मारून पाडू नका. लांब चोचीच्या पकडीने धरून वर-खाली वाकवून तोडा आणि हातात घ्या.

कव्हरच्या त्या दोन्ही कॉइल आजपर्यंत हलल्या नाहीत. मध्ये क्लच प्लेटा बदलताना कव्हर पूर्ण उघडलं, नवं पॅकिंग टाकलं, बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला जोर लागला की 'टक' म्हणणाऱ्या पान्याने आवळले, कुठेही बोट फिरवून बघा, तेलाचा ओलावा नाही. श्रावणात कासच्या धुक्या-पावसात गाडी आठवडेच्या आठवडे ओली होती. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस ओलसर राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून बसवताना बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलं होतं. खोलल्यावर पांढरी पूड दिसली नाही.

ड्रेन नटाची कथा निराळी. पहिल्या ऑइल चेंजला ठीक होतं. पुढच्या खेपेला नट फिरवला तर कॉइल त्याच्यासोबतच वर यायला लागली. किटमधलं मोठं ड्रिल बिट फिरताना किंचित लपकत होतं, त्यामुळे भोक ढगळ झालेलं. दर दोन-तीन महिन्यांनी उघडायच्या, गरम तेलातल्या नटाला तारेपेक्षा भरीव बुश (आतून-बाहेरून आटे असलेली जाड नळी) बरा, असं माझं आता पक्कं मत आहे.

साताऱ्यात लेथवाल्यांची वाण नाही. कूपरचा कारखाना इथे १९२२ पासून, एमआयडीसी नंतरची. लोखंडात हात घातलेली माणसं गल्लीगल्लीत सापडतात. एमआयडीसीतल्या एका मामांकडे क्रँककेसचा तो भाग दाखवला. त्यांनी आधी भोकाभोवती भिंत किती जाड आहे ते बोटाने आणि मग मापाने बघितलं. "भिंत हाय, करू. नसती तर वेल्डिंगला पाठवलं असतं तुम्हाला." बाहेरून एम-१६, आतून एम-१२, वर बारीक कॉलर असलेला स्टीलचा बुश त्यांनी बनवून, लाल थ्रेड लॉकर (आटे पक्के चिकटवणारा द्रव) लावून बसवला. पैसे किटच्या निम्म्याहून कमी. तेव्हापासून गाडीखालची फरशी कोरडी आहे. मात्र ड्रेनचा वॉशर दरवेळी नवा टाकतो. दहा-वीस रुपयांसाठी जुना चेपलेला वॉशर घालून जास्त आवळायचं, हाच तर आटे जायचा राजमार्ग.

किटबद्दल थोडक्यात: टॅप चांगला, कॉइल चांगल्या, बसवायचं हत्यार चालण्यासारखं, ड्रिल बिट टाकाऊ. हजाराच्या आसपास किंमत आहे. त्यात चांगल्या एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) बिटचे पैसे वेगळे धरा. एकाच बोल्टचं काम असेल आणि टॅप कधी हातात धरलेला नसेल, तर किट घेऊ नका, लेथवाल्याकडे जा. स्पार्क प्लगचे आटे गेले असतील तर हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उतरवल्याशिवाय कोणालाच हात लावू देऊ नका, कारण तो कीस सरळ पिस्टनवर पडतो. आणि घरी काम करणार असाल तर किटच्या आधी पाव इंची ड्राइव्हचा, ५ न्यूटन मीटरपासून सुरू होणारा टॉर्क रेंच घ्या. कारचा मोठा रेंच एम-६ ला कामाचा नाही, तो 'टक' म्हणेपर्यंत बोल्ट गेलेला असतो.

एम-८ चं पाकीट किटमध्ये होतं, ते अजून फोडलेलं नाही. सायलेन्सरच्या स्टडचं लक्षण बरं दिसत नाही, तेव्हा तेही लवकरच फुटेल.