‘आय-७ आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका

दशावताराच्या नाटकांचं शूटिंग करतो, ते एडिट करायला स्वतः जोडलेला कॉम्प्युटर हवा होता. आमची देवगडात थोडी कलमं आहेत. दोन सीझन पेट्या भरून पैसे साठवले आणि त्यातले १६,५०० रुपये प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅमच्या एका सेटमध्ये घातले. त्यात मी फसलो. तुमच्या घरात कोणी पहिलं मशीन जोडणार असेल तर त्याला हे वाचायला द्या.

दुकान आमच्याच जिल्ह्यातलं. मी आय-३ विचारायला गेलो होतो. आय-३, आय-५, आय-७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची नावं. काउंटरवरचा म्हणाला, “एडिटिंगला आय-३ कशाला घेतोस? त्याच पैशात आय-७ देतो, १६ जीबी रॅम, बोर्ड एकदम नवीन.” बोर्डाचा खोका खरोखरच कोरा होता, बोर्ड लखलखत होता. प्रोसेसर मात्र आधीच बसवलेला, वर पंखाही लावलेला. सॉकेटच्या, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, पिना वाकतात म्हणून आम्हीच बसवून देतो, असं म्हणाला. मला ती आपुलकी वाटली.

घरी विंडोज ११ काही केल्या चढेना. फोन केला तर म्हणे, १० टाक, फरक पडत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. तरी टाकून बघितलं. टास्क मॅनेजरमध्ये नाव आलं, कोअर आय-७ २६००. माझा विश्वास बसेना. पंखा उतरवला, प्रोसेसर आणि पंख्याच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट कापसाने पुसली. धातूच्या टोपीवर तोच आकडा, खाली ३.४० गिगाहर्ट्‌झ, आणि कडेने जुने ओरखडे.

२६०० हा जानेवारी २०११ चा प्रोसेसर. दुसरी पिढी. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी लागते. जुन्या ऑफिस मशीनमधून असे प्रोसेसर निघतात, आणि त्यांना चालणारे एच-६१ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड अजून नवे बनून येतात. म्हणून नव्या खोक्यातून जुना माल सहज खपतो, आणि दुकानदाराला उघड खोटं बोलावंही लागत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही. त्या बोर्डाचं सॉकेट एलजीए ११५५. समजा बाराव्या पिढीचा प्रोसेसर घेतला, तर त्याला एलजीए १७०० लागतं, तिथे हा बोर्ड कुचकामी. रॅम डीडीआर-३ या जुन्या प्रकारची, तीही नव्या बोर्डात बसत नाही. अख्खा सेटच वाया.

बाबांनी एकच विचारलं, “बिलार काय लिवलेला आसा, ता बघलंस काय?” बिलावर ‘आय-७ सेट, १ नग’. बस्स. परत गेलो तेव्हा दुकानदाराने त्याच ओळीवर बोट ठेवलं: आय-७ लिहिलंय, आय-७ दिलाय. कर्नाटकातला आंबा देवगड हापूस म्हणून विकला की आमचा जीव जळतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते याचसाठी. आणि मी नुसत्या नावावर पैसे मोजून आलो.

आय-३, आय-५, आय-७ नंतरचा पूर्ण आकडा विचाराच. १२१०० म्हणजे बारावी पिढी, २६०० म्हणजे दुसरी. त्या आय-३ १२१०० मध्येही २६०० सारखेच ४ कोअर (काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं) आहेत, पण वेगात तो कितीतरी पुढे. बोर्डाचा चिपसेट, सॉकेट आणि रॅमचा प्रकारही विचारा. प्रोसेसर सीलबंद खोक्यात मागा, तुमच्यासमोर फोडू दे. आधीच बसवलेला असेल तर मशीन तिथेच चालू करून आकडा वाचा. जीएसटी बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर दोन्ही हवेत.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दुकानदाराने आतापर्यंत ४,००० रुपये परत दिले. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची कागदपत्रं लावतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पंखा काढून घेतलेला प्रोसेसरचा फोटो त्यात सगळ्यात वर लावलाय.