निवडणूक निकालांचं ॲप: कोकणातल्या माणसाकडून अडीच स्टार

लोकसभेच्या जुन्या निकालांचं एक ॲप सध्या बऱ्याच जणांच्या फोनवर दिसतंय. नाव घेत नाही, बनवणारी दोन-चार पोरंच दिसतायत, कशाला उगाच कुणाच्या पोटावर पाय. मतदारसंघ टाका, १९५२ पासूनचा सगळा इतिहास बघा अशी जाहिरात आहे. फुकटात शेवटच्या तीन निवडणुका दिसतात, त्याच्या मागचं बघायचं तर वर्षाची वर्गणी. भरली. इतिहासासाठीच घेतलं होतं म्हटल्यावर न भरून सांगतो कुणाला.

आधी चांगलं सांगतो. आमचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग टाकला आणि २०२४ चं पान खरंच झकास आहे. भाजपच्या नारायण राणेंनी ठाकरेंच्या शिवसेनेच्या विनायक राऊतांना ४७,८५८ मतांनी पाडलं हे कुठेही मिळतं, पण इथे सहाही विधानसभा वेगवेगळ्या रंगात येतात आणि एका नजरेत कळतं की चिपळूण, रत्नागिरी, राजापूर एका बाजूला गेले आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी दुसऱ्या बाजूला, म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीवर कात्रीच फिरवल्यासारखी. बोटाने मागे सरकवलं की २०१९ येतं, राऊत १,७८,३२२ ने, मग २०१४, राऊत दीड लाखाने, दोन्ही वेळा समोर निलेश राणे, आणि मग २००९, त्यात तेच निलेश राणे काँग्रेसकडून सुरेश प्रभूंना हरवून दिल्लीला गेले. ॲप पटापट चालतं, एकदा उघडलेलं पान रेंज नसली तरी दिसतं, आणि आमच्याकडे घाटात नि वाडीत रेंजची काय बोंब असते ते वेगळं सांगायला नको.

आता २००९ च्या मागे जायला गेलो तर पान संपलं. खाली लिहिलंय "पहिली निवडणूक: २००९". काका बाजूलाच बसलेले, चष्मा नाकावर घेऊन म्हणाले, "अरे, ह्यात नाथ पै खंय आसा?"

नाथ पै म्हणजे आमच्या जुन्या राजापूर लोकसभेचे खासदार, आणि खंय आसा म्हणजे कुठे आहेत? नाहीतच! २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली आणि राजापूर लोकसभा नावानिशी गेली. तिचा बराचसा भाग रत्नागिरी-सिंधुदुर्गात आला, राजापूर आता फक्त विधानसभा. माणसं तीच, वाड्या त्याच, मतदान केंद्र म्हणून शाळासुद्धा बऱ्याच ठिकाणी तीच, पण ॲपला नाव बदललं म्हणजे इतिहासच नवीन. मग सर्चमध्ये नुसतं राजापूर टाकलं तर विधानसभा उघडते. शेवटी लोकसभेची "बंद मतदारसंघ" अशी एक यादी सापडली, तीही सेटिंगच्या आत कुठेतरी, तिथे राजापूर मिळालं. वर्गणी भरलेल्या माणसाला असं शोधाशोध करायला लावायचं म्हणजे हद्द आहे.

आणि ते पान बघाच, कारण राजापूरसारखी यादी महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल. १९५७ ते २००४ एकूण १३ निवडणुका, त्यात काँग्रेस एकदाच, १९९१ ला सुधीर सावंत. बाकी सगळं समाजवादी आणि नंतर शिवसेना. बॅरिस्टर नाथ पै १९५७, ६२, ६७. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि दोनेक महिन्यांवर निवडणूक, तिथे उभे राहिले मधू दंडवते, मूळचे नगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक. बाहेरचा माणूस म्हणून घालवला असता तर समजलं असतं, पण कोकणाने सलग पाच वेळा निवडून दिला. १९८४ ला इंदिराबाई गेल्यानंतरच्या लाटेत देशभर मोठमोठे आडवे झाले, राजापुरात दंडवते उभेच. ७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर फोम आला तो त्यांच्यामुळे, रात्रभर पाठ न मोडता जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी आठवण काढावी. ९१ ला हरले. ९६ पासून चार वेळा सुरेश प्रभू, तेही पुढे रेल्वेमंत्री झाले, फक्त तेव्हा हरियाणातून राज्यसभेवर होते. कोकण रेल्वेचं श्रेय कुणाचं यावर आमच्याकडे अजून चहा गार होतो, त्यात मी पडत नाही.

एवढा मसाला हातात असून ॲपने त्याचं काय केलंय? दंडवतेंच्या नावावर टिचकी मारली तर लाल चौकटीत "पक्ष बदलले: २". वाचून मी फोन टेबलावरच ठेवला. अरे बाबांनो, त्यांचा प्रजा समाजवादी पक्ष आधी समाजवादी पक्षात विरला, तो १९७७ ला जनता पक्षात गेला आणि १९८८ ला जनता दल झालं. माणूस जागेवर बसलेला, घरावरची पाटी बदलली. आणि तीच लाल चौकट खऱ्याखुऱ्या उड्या मारणाऱ्यांनाही. राऊतांचं तर अजून मजेशीर, शिवसेना फुटल्याने २०२४ ला पक्षाचं नाव वेगळं पडलं म्हणून त्यांनाही "पक्ष बदलले: १". यांनी बदलला की त्यांनी, यावर कोर्टात वर्षं गेली, ॲपने एका चौकटीत निकाल देऊन टाकला.

दुसरं एक. २०२४ च्या पानावर झेंडा लावलाय, "भाजपचा इथे पहिला विजय". कमळावर पहिला, बरोबर आहे, तोवर युतीत ही जागा शिवसेनेची. पण "इथे" म्हणजे कुठे? रत्नागिरी शहर आज याच मतदारसंघात आहे आणि १९५७ ला जुन्या रत्नागिरी लोकसभेतून जनसंघाचे, म्हणजे भाजपच्याच आधीच्या अवताराचे, प्रेमजी आसर निवडून आले होते. देशभरात जनसंघाच्या तेव्हा चारच जागा, त्यातली ही एक, दुसरी बलरामपूरहून वाजपेयींची. तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीचा जोर होता आणि समितीत जनसंघही होता, प्रजा समाजवादीही, म्हणजे आसर आणि नाथ पै एकाच वाऱ्यावर शेजारी शेजारी निवडून आलेले! हे ॲपमध्ये दोन वेगळ्या "बंद" पानांवर पडलंय, जोडणारी रेघ नाही. आणि जुन्या रत्नागिरीचा दापोली-गुहागरकडचा भाग तर आता रायगडात, म्हणजे तिकडच्या माणसाने आपला इतिहास कुठल्या पानावर शोधायचा?

एमपीएससीवाल्यांनी २००९ नंतरच्यासाठी घ्यायला हरकत नाही, फुकटातलं पुरतं. जुनं हवं असेल तर निवडणूक आयोगाचे प्रत्येक निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल मोफत आहेत, डोळे दुखतात पण सगळं आहे. अडीच स्टार देतोय, त्यातला अर्धा त्या रंगीत नकाशाचा.

सपोर्टला सविस्तर लिहिलं, फेररचनेआधीचं पान नव्याला जोडा, कुठला तालुका कुठून कुठे गेला ते दाखवा, पक्ष विलीन झाला तर त्याला पक्षांतर म्हणू नका. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "राजापूर हा विधानसभा मतदारसंघ आहे, कृपया विधानसभा टॅबमध्ये शोधा."