सेलेनियमच्या गोळ्या: थायरॉईडवाल्यांनी घ्यायच्या आधी वाचा

आईला थायरॉईड आहे म्हणून जळगावच्या एका मेडिकलमधून ही ६० गोळ्यांची डबी आणली, दुकानदार म्हणे थायरॉईडची गोळी हळूहळू सुटेल, ते अजिबात खरं नाही! थायरॉईडच्या टी४ हार्मोनचं शरीराला जास्त कामी येणारं टी३ हार्मोन करणाऱ्या एन्झाइमला सेलेनियम हे खनिज लागतं एवढं बरोबर, पण एका गोळीत २०० मायक्रोग्रॅम आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण ५५, वरून आईच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये पण ते आहेच. जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात, तोंडाला लसणासारखा वास येतो, आणि आपल्याकडे कळण्याच्या भाकरीसोबत ठेचा रोजचा, मग तो वास लक्षात येणार कसा? गोळी लहान, गिळायला सोपी. पण डॉक्टरांनी बंदच करायला सांगितली, सकाळची उपाशीपोटीची थायरॉईडची गोळी चालू. दोन स्टार.