स्क्वाड्रनचे जुने सोबती शोधायला एअर फोर्स असोसिएशन किती कामाची?

स्क्वाड्रन म्हणजे वायुसेनेची विमानांची तुकडी. एअर फोर्स असोसिएशन १९८० पासून वायुसेनेतल्या निवृत्तांसाठी काम करते. मुख्यालय दिल्लीत, राज्यांत शाखा आणि शाखांखाली ठिकठिकाणचे चॅप्टर. अधिकारी आणि एअरमन (अधिकाऱ्यांखालच्या हुद्द्यांवरचे) दोघांनाही सभासद होता येते. पेन्शनच्या अडचणींसाठी बरेच जण तिच्याकडे जातात. इथे मात्र एकच प्रश्न पाहिला आहे: तीस वर्षांपूर्वी आपल्याबरोबर एकाच हँगरमध्ये राबलेला माणूस तिच्यामार्फत सापडतो का?

सापडतो, पण बहुतेकांची सुरुवातच चुकते. ते शाखेत जाऊन स्क्वाड्रनचा नंबर सांगतात. असोसिएशनची रचना स्क्वाड्रननुसार नाही, निवृत्तीनंतर माणूस जिथे राहतो त्यानुसार आहे. पुण्याच्या लोहगाव तळावर शेजारच्या खाटेवर झोपणारा इंजिन फिटर मूळचा कोल्लमचा असेल, तर पुण्यात विचारून उपयोग नाही, केरळची शाखा गाठायला हवी. तिथे नसेल तर बंगळुरू, पुणे, नाशिक अशी शहरे पाहावीत. नोकरीसाठी तिकडे स्थायिक झालेले पुष्कळ आहेत.

स्क्वाड्रनला थेट पत्र लिहिण्याची कल्पना चांगली, पण आधी स्क्वाड्रन आज कुठे आहे ते पाहा. १७ स्क्वाड्रन मिग-२१ च्या काळात भटिंड्याला होती. २०१६ मध्ये तिचे काम थांबले आणि २०१९ मध्ये राफेलसाठी ती अंबाल्यात पुन्हा उभी राहिली. जुन्या पत्त्यावरचे पत्र कुणाच्या हाती पडणार? शिवाय पत्र बरोबर पोहोचले, तरी जुन्या एअरमनचे आजचे पत्ते तिथे असतीलच असे नाही.

चौकशीच्या पत्रात सर्व्हिस नंबर, सेवेत नोंदलेले नाव, ट्रेड (म्हणजे कामाची शाखा), एंट्री (म्हणजे भरतीची तुकडी) आणि दोघे एकत्र असल्याची वर्षे लिहा. नुसते 'सार्जंट पाटील' किंवा 'सार्जंट सिंग' लिहिले तर शाखेचा सचिव काहीच करू शकत नाही. नंबर आठवत नसेल तर स्क्वाड्रनचा जुना ग्रुप फोटो शोधून काढा. खाली छापलेल्या ओळीत हुद्दा, आद्याक्षरे आणि आडनाव सहसा मिळते. एअरमनच्या बाबतीत एंट्रीचा धागा सर्वांत पक्का. जलहळ्ळी, तांबरम किंवा सांबऱ्याला एकत्र ट्रेनिंग घेतलेल्यांचे व्हॉट्सॲप गट असतात आणि त्यातला एखादा हमखास तुमच्या स्क्वाड्रनमधल्या कुणाला तरी ओळखतो. या कामात हे गट असोसिएशनपेक्षा वेगवान आहेत, हे मान्य करायला हवे.

दिल्लीत सुब्रोतो पार्कला असलेल्या वायुसेनेच्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुसऱ्याचा पत्ता मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तरी खासगी माहितीला संरक्षण देणारे कलम ८(१)(ञ) आडवे येते, आणि ते योग्यच आहे. म्हणून शाखेला 'त्याचा फोन नंबर द्या' असे न लिहिता 'माझा फोन नंबर त्याला द्या' असे लिहावे. संपर्क करायचा की नाही हे त्याने ठरवावे. अशा विनंतीला शाखाही सहज हो म्हणतात. शोधात मदत करतो म्हणून कुणी पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर, आधार किंवा बँकेचा तपशील मागितला, तर तिथेच थांबा. सोबती शोधायला यातले काहीही लागत नाही.

वेळही साधता येते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी निवृत्तांची गर्दी होते, १४ जानेवारीला माजी सैनिक दिनाचे मेळावे भरतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्या तारखा आधी विचाराव्यात. स्क्वाड्रनचा सुवर्ण किंवा हीरक महोत्सव असेल तर जुन्यांना बोलावणे जाते, पण ते पोहोचायला तुमचा आजचा पत्ता स्क्वाड्रनकडे हवा. आधीच कळवून ठेवा.

सोबती हयात नाही असे कळले तरी पत्र पाठवाच, त्यांच्या पत्नीच्या नावे. कोणत्या वर्षी, कोणत्या विमानावर बरोबर होतो ते लिहा आणि ग्रुप फोटोची प्रत जोडा. ती अनेक घरांत नसते.