कपडे बारीक करून देणारे दादरचे मास्टर: हाताला किती गुण, जिभेला किती

आठ-दहा किलो उतरले की माणसाच्या आधी त्याचा शर्ट दिसतो. खांद्याची शिवण दंडावर घसरलेली, कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढी फट, पट्टा आवळल्यामुळे पँटला कमरेखाली पडलेल्या चुण्या. "काय रे, आजारी होतास का?" हा प्रश्न पुष्कळदा या चुण्यांनाच विचारलेला असतो. ब्लाउजचंही तेच. मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) ढिला पडला, बाही लोंबायला लागली की हळदीकुंकवात कुणीतरी म्हणणारच, "अगंबाई, किती वाळलीस!" तेच अंग मापातल्या कपड्यात आलं की निम्मी तोंडं आपोआप गप्प होतात. उरलेल्यांचं पुढे बघू.

हे परीक्षण एका दुकानाचं नाही, एका सेवेचं आहे. दादर पश्चिमेला स्टेशनबाहेरून रानडे रोडकडे जाताना आजूबाजूच्या गल्ल्यांत जे ऑल्टर करून देतात, त्यांचं. गुण दोन गोष्टींना: हाताला आणि जिभेला. वजन उतरल्यावरची चारचौघांतली पहिली टिप्पणी बऱ्याच जणांना टेप कमरेभोवती असतानाच ऐकावी लागते, म्हणून जिभेलाही.

आधी हात.

पायरीशी किंवा जिन्याखाली मशीन टाकून बसणारा कारागीर लांबी कमी करणं, कुर्त्याला साइड मारणं म्हणजे बाजूच्या शिवणी आत घेणं, चेन बदलणं ही कामं उत्तम करतो. सरळ शिवण असेल तिथे त्याचा हात गाळ्यातल्या मास्टरपेक्षा कमी नसतो आणि काम उभ्या उभ्या होतं. त्याला खांदा मात्र देऊ नका. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा नव्याने कापायचा, बाही परत बसवायची. जागा आणि टेबल नसताना हे घाईत केलं की बाहीच्या डोक्यावर चुण्या येतात, त्या इस्त्रीनेही जात नाहीत. गाळ्यातला मास्टर या कामाचे साइड मारण्याच्या तिप्पट पैसे सांगतो, तेव्हा तो लुटत नसतो. काम खरोखर तेवढं आहे.

मापाचं एक साधं गणित पाठ असू द्या. शिवण अर्धा इंच आत घेतली की त्या बाजूचा पुढचा आणि मागचा भाग मिळून एक इंच जातो. दोन्ही बाजूंचे मिळून दोन इंच. "अर्धा इंच घ्या" म्हणताना तुमच्या मनात घेर असतो आणि मास्टरच्या मनात शिवण. अर्धे बिघडलेले कपडे या एका गोंधळातून येतात. म्हणून "घेरातून एकूण दोन इंच" असं सांगा. त्याहून बरं म्हणजे घरीच कपडा उलटा घालून दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना लावून न्या. पिना लावल्यावर खाली बसा, आणि एक हात वर करा, लोकलचं हँडल धरल्यासारखा. शर्ट पोटावर ताणला किंवा ब्लाउज काखेत रुतला तर अर्धा इंच सोडा. छातीवर शर्टाला अंगापेक्षा साधारण तीन-चार इंच जास्त लागतात. त्यापेक्षा आवळलं तर "वाळलास" जाऊन "फारच टाइट नाही का?" सुरू होतं.

फॉर्मल पँटला मागे मधोमध शिवण असते आणि कमरेची पट्टीही तिथेच जोडलेली असते. ती शिवण उसवून कंबर दोन इंचांपर्यंत बिनघोर कमी होते. तीन इंचांच्या पुढे गेलात की मागचे खिसे एकमेकांना भेटायला येतात आणि सीटचा झोळ तसाच राहतो. मग बाजूच्या शिवणी खोलाव्या लागतात. जीन्सचं गणित वेगळं: पट्टी अखंड, शिवण दुहेरी दुमडलेली. पट्टी मध्ये कापून जोडतात, तो जोड पट्ट्याखाली झाकला जातो. काही जण हा खटाटोप टाळून पट्टीच्या आत इलास्टिक घालून देतात. त्याने जीन्स वर राहते, पण मागे गोळा दिसतो. चार-पाच इंचांनी ढिली झालेली जीन्स वाचवू नये, सोडून द्यावी. ब्लेझरही खांद्याला ढिला असेल तर सोडा. पोटाला इंच-दीड इंच घेणं जमतं, खांदा म्हणजे अख्खा कोट नव्याने शिवण्यासारखं.

ब्लाउज हा या गल्ल्यांचा खरा प्रांत, आणि इथे त्यांचा हात सर्वांत चांगला आहे. चांगल्या शिंपिणीने शिवलेल्या ब्लाउजमध्ये काखेखाली इंच-दीड इंचाची माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, सोडलेली असते. जुन्या शिवणीच्या आत नवी शिवण मारली की बाजू झाली. पण वजन नुसतं बाजूने उतरत नाही. गळा पुढे झुकला की पाहणाऱ्याला आधी हाडं दिसतात. त्यासाठी खांद्याच्या शिवणीतून पाव ते अर्धा इंच घ्यायला सांगा. गळा वर येतो, पण टक्सची (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्यांची) टोकंही वर सरकतात, हे लक्षात ठेवून घालून बघा. बाहीचा घेर काखेखालच्या शिवणीबरोबरच बारीक होतो, वेगळे पैसे द्यायची गरज नाही. छातीचा भरावच कमी झाला असेल तर टक्स उसवून पुन्हा घालावे लागतात. प्रिन्सेस कट असेल तर नशीबवान आहात, शिवण छातीवरूनच जाते, तिथून हवं तेवढं घेता येतं. कटोरी ब्लाउजच्या नादी लागू नका. वाटीचं माप बदललं की खालची पट्टी, वरचा तुकडा सगळंच बदलतं, त्यापेक्षा नवा शिवा. पैठणीच्या किंवा टिश्यूच्या ब्लाउजवर जुनी शिवण उसवलेल्या जागी सुईची भोकं दिसत राहतात. आत घेताना ती मायेत जातात, म्हणून चालतं. उद्या परत ढिला करायचा झाला तर मात्र ती उघड्यावर येतील.

आणि जे काही द्याल त्यावर एकच वाक्य दोनदा सांगा: माया कापू नका. आतली गर्दी नको म्हणून काही जण जादा कापड कापून इंटरलॉक मारून देतात. दिसायला स्वच्छ, पण सहा महिन्यांत तीन किलो परत आले तर कपडा गेला. वजन अजून उतरत असेल तर सगळं कपाट घेऊन जाऊच नका. ऑफिसचे तीन-चार कपडे आणि लग्नाकार्याचा एक, एवढेच द्या आणि कच्ची शिलाई मारून घ्या. लांब टाक्यांची शिवण दोन महिन्यांनी हाताने उसवता येते. सुती कपडा आधी एकदा धुऊन मग द्या, नाहीतर ऑल्टर केल्यावर आटतो आणि मास्टरवर नाव येतं.

कुर्त्यात एक चूक सर्रास होते. साइड मारताना शिवण कटच्या, म्हणजे बाजूच्या उघड्या फटीच्या, तोंडाशी येऊन एकदम थांबवतात, मग नितंबाच्या वर दोन्ही बाजूंना फुगा दिसतो. शिवण कटपर्यंत तिरकी उतरवत न्यायची असते, किंवा कटच थोडा खाली घ्यायचा असतो. नेताना तिथे बघा. चौकड्याच्या शर्टात बाजूच्या रेषा जुळल्या का, हेही तिथेच बघा.

हाताला एकूण दहापैकी आठ. दोन गुण मायेवरची कात्री आणि 'मास्टर गावाला गेलाय' या कारणासाठी कापले. गणपती ते दिवाळी आणि लग्नसराईत दिलेली तारीख ही तारीख नसते, अंदाज असतो.

आता जीभ. इथे गुण देताना कंजुषी करावी लागते.

गाळ्यात माप घेण्याची रीत अशी: मास्टर टेप लावतो, आकडा मोठ्याने ओरडतो, पोरगा वहीत लिहितो. बाकावर बसलेल्या चार जणांना तुमची कंबर कळते. त्यात जुनी वही असेल तर आणखी पंचाईत. "अरे, पहले तो अडतीस था!" हे कौतुक असतं, द्वेष नसतो, पण पुढचे प्रश्न त्यातूनच उगवतात. शुगर निघाली का? जिम की डाएट? भारतात वजन उतरवणारी इंजेक्शनं, माउंजारो मार्च 2025मध्ये आणि वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये, आल्यापासून "इंजेक्शन घेता काय?" हाही प्रश्न त्या यादीत आला आहे, गाळ्यातही आणि ऑफिसच्या कँटीनमध्येही.

यावर सर्वांत सोपा उपाय शिंप्यांच्याच रिवाजात आहे: मापाचा कपडा. अंगाला टेप लावूच द्यायचा नाही, मापाचा ब्लाउज किंवा शर्ट काउंटरवर ठेवायचा. अडचण इतकीच की वजन उतरल्यावर जुना मापाचा कपडा खोटा पडतो. म्हणून पहिल्या फेरीत एकच कपडा द्या, तो दोन दिवस वापरा, बसला की तोच मापाचा. बाकीचे त्याच्यावरून. टेप लावावाच लागला तर आधी सांगा, "मास्टर, आकडा बोलू नका, लिहा फक्त." टेप अंगावर आल्यानंतर सांगून उपयोग नाही, तोवर पहिला आकडा बाहेर पडलेला असतो. हे सांगितल्यावर बहुतेक मास्टर ऐकतात. त्यांचा धंदा तुमच्या पुन्हा येण्यावर आहे. पायरीवरचा कारागीर तर मुळातच कमी बोलतो, त्याला पुढचं गिऱ्हाईक दिसत असतं. बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या गाळ्यांत बोलणं सर्वांत जास्त, कारण तिथे ओळख वर्षानुवर्षांची असते. जिभेला एकूण दहापैकी पाच, पायरीवाल्यांना सात.

राहिले ते निम्मे, ज्यांना तुमचा कपडा कितीही नीट बसला तरी बोलायचंच असतं. त्यांच्यासाठीही मापाचंच तत्त्व: जेवढं विचारलं त्याहून कमी द्यायचं. खुलासा दिला की पुढचा प्रश्न येतो. "थोडं चालायला लागलोय" म्हटलं की "किती? कुठे? भात सोडलास का?" सोसायटीतल्या काकूंना "तब्येत छान आहे काकू, तुमचा गुडघा काय म्हणतो?" पुरतं. प्रश्नाने उत्तर संपवायचं, आणि प्रश्न त्यांच्या आवडीचा हवा. ऑफिसात बरोबरीच्या माणसाला "वजनाचं सोड, फाइल कुठवर आली?" हे चालतं. तोच माणूस तिसऱ्यांदा बोलला तर हसू बंद करून, आवाज न चढवता, "माझ्या अंगावर बोलू नकोस, मला आवडत नाही." एवढंच. "सॉरी हं, पण" लावलं की वाक्य ढिलं पडतं. वडीलधाऱ्यांना हे असं सांगता येत नाही. तिथे "बघू या मामा" म्हणून ताट वाढून घ्यायचं आणि हवं तेवढंच खायचं. "पूर्वी भरलेली बरी दिसायचीस" याला उत्तर नाही. देऊही नये.

एक प्रश्न मात्र टोमणा समजून उडवू नका. काही न करता, खाणं-चालणं बदललं नसताना सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंहून जास्त, तर शिंप्याआधी डॉक्टर. त्या वेळी "आजारी आहेस का?" विचारणारी शेजारीण बरोबर असू शकते.

जाण्याची वेळ: सकाळी अकराच्या सुमारास. गाळा नुकता उघडलेला असतो, बाकावर गर्दी नसते, ओरडला तरी ऐकायला पोरगाच. संध्याकाळी सहानंतर स्टेशनकडे जाणारा लोंढा आणि गिऱ्हाईक एकत्र, तेव्हा माप देऊ नका, तयार कपडा फक्त उचला. ट्रायल रूम बऱ्याच ठिकाणी नाही, असलीच तर पडदा लावलेला कोपरा. आत अंगाला बसणारा पातळ टी-शर्ट घालून गेलात तर शर्ट-कुर्ता बाहेरच घालून बघता येतो. पावतीवर काम तुकड्यातुकड्याने लिहून घ्या: "कंबर 2 इंच घेरातून, माया ठेवणे, बाही नाही." दर आधी ठरवा. पैसे द्यायच्या आधी कपडा उलटा करून मायेवर बोट फिरवा. ती जागेवर असेल तर दुसरे दोन कपडे त्याच मास्टरला द्या.