निळ्या कोरांटीपायी गेलेले १७,३८९ रुपये

डिचोलीतील आमच्या परसात, चिऱ्याच्या गडग्यालगत, पिवळी कोरांटी कित्येक वर्षांपासून आहे. थंडी पडू लागली की ती फुलते आणि पूजेच्या फुलांची ददात राहत नाही. तिच्या शेजारी जांभळी कोरांटी लावावी एवढीच माझी हौस होती, आणि त्या हौसेपायी मी १७,३८९ रुपये घालवले. लिहिताना लाज वाटते, पण मी गप्प बसलो तर तो माणूस उद्या दुसऱ्या कोणाला तरी गाठणारच.

फेसबुकवर ‘दुर्मीळ निळी कोरांटी, सहा रोपे, १,७४० रुपये’ अशी जाहिरात होती. विक्रेता मला ‘काका’ म्हणत अदबीने बोलला, जांभळ्या कोरांटीचे ‘बार्लेरिया क्रिस्टाटा’ हे शास्त्रीय नाव त्याने न अडखळता सांगितले, आणि लावणी आषाढातच उरकून घ्या, हा त्याचा सल्लाही चुकीचा नव्हता. अशा माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता. पुढचा प्रकार वाचकांच्या परिचयाचाच आहे. तिसऱ्या दिवशी ‘हद्दीवरील रोपतपासणीचे परत मिळणारे शुल्क’ म्हणून ६५० रुपये घेतले गेले, मग रोपे अडकली असे कळले, आणि पैसे परत करण्यासाठी म्हणून क्यूआर कोड आला. तो स्कॅन करून मी पिन टाकला आणि १४,९९९ रुपये गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मीच माझ्या बहिणीला दोनदा बजावले होते.

पिनचे एक वेळ सोडून देईन, कारण ती घटकाभराची घाई होती. तो फोटो मात्र मी पहिल्याच दिवशी चष्मा पुसून, मोठा करून पाहिला होता. निळ्या फुलाखाली, पानाच्या बेचक्यात, सुईसारखे लांब काटे स्वच्छ दिसत होते. तसे काटे पिवळ्या कोरांटीला असतात, जांभळीला नसतात, आणि फुले काढताना ते माझ्या बोटांत इतक्या वेळा रुतले आहेत की मला ते अंधारातही ओळखता यावेत. पिवळ्या फुलाला कोणीतरी निळा रंग चढवला होता. मी मनाशी म्हटले, दुर्मीळ जात आहे, काटे असतील. काटे दिसत असूनही मी पैसे भरले!

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मी फोन केला, पण दुसऱ्या दिवशी. तुम्ही त्याच तासाला करा आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवा. त्या माणसाने सर्व संदेश पुसून टाकले होते, तेव्हा फोटो आधीच काढून ठेवावेत. बँकेतील अधिकाऱ्याने रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक पुढे केले आणि ग्राहकाच्या हलगर्जीने झालेले नुकसान कळवेपर्यंत ग्राहकाचेच, असे सांगून मान खाली घातली. शिक्क्याचे खातेविवरण मिळवण्यासाठी तीन खेपा झाल्या. पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसवले, मग दुसऱ्या ठाण्याकडे पाठवले, तिथून पुन्हा पहिल्याकडे. “झाडां खातीर इतले पयशे?” असे म्हणून तिथला शिपाई शेजारच्याकडे पाहून हसला. चोराने मला मूर्ख ठरवले ते ठीक, तो त्याचा धंदाच आहे. पण सरकारी पगार घेणाऱ्याने तक्रारदाराला हसावे, हे कोणत्या नियमात बसते?

संताप याचा की जांभळ्या कोरांटीची वीतभर फांदी पावसाळ्यात ओल्या मातीत खोचली तरी जगते, आणि सुकलेल्या बोंडातून उडालेल्या बियांची रोपे आपोआप उगवतात. खालच्या वाड्यावरील एका वहिनींनी मला चार फांद्या फुकट दिल्या. त्यांना आधी विचारले असते तर! रोपे विकत घ्यायचीच असतील तर विक्रेत्याला व्हिडिओवर झाड दाखवायला लावा आणि काटे पाहा.

तक्रारीची प्रत हाती आली तेव्हा त्यात ‘ऑर्किड खरेदीत फसवणूक’ असे लिहिलेले होते. दुरुस्ती करा म्हटले, तर नवा अर्ज आणि पुन्हा शिक्क्याचे खातेविवरण आणायला सांगितले.