कोब्रा किटची दारं: बसवून नऊ महिने झाले, आता लिहितो

गेल्या ऑक्टोबरात सुट्या भागांच्या किटमधून मी घरी जोडलेली कोब्रा रेप्लिका (साठच्या दशकातल्या कोब्रा या उघड्या स्पोर्ट्स कारची नक्कल) आयव्हीए तपासणीतून, म्हणजे अशा एकट्यादुकट्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधीच्या सरकारी तपासणीतून, पार पडली आणि इथे इंग्लंडच्या रस्त्यांवर धावायला लागली. नऊ महिन्यांत अडीच हजार मैल झाले. इंजिन, वायरिंग, ब्रेक यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. दारांबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझे सगळ्यात जास्त दिवस दारांनीच खाल्ले. दोन दारांना ११ शनिवार-रविवार.

किटमध्ये फायबरची दोन दारं आली, आत लोखंडी चौकट, प्रत्येकाला दोन बिजागऱ्या, लॅच (दार अडकवणारी कडी) आणि रबर बीडिंगचं, म्हणजे दाराच्या कडेला लावायच्या रबरी पट्टीचं, भेंडोळं. लॅच दोन टप्प्यांचं आहे, पहिल्या ‘टक्’ला अर्धवट आणि दुसऱ्याला पूर्ण लागणारं. आयव्हीएला तसंच लागतं. मूळ कोब्राप्रमाणे बाहेरून हँडल नाही, आत हात घालून उघडायचं, तेवढं एक काम वाचलं. पुस्तिकेत मात्र दारांना जेमतेम एक पान दिलंय, आणि त्यातला क्रमच चुकीचा आहे.

पुस्तिका म्हणते, चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) स्टँडवर असतानाच दारं बसवून घ्या. मी तसं केलं. चारी बाजूंनी ४ मिलिमीटरची सुरेख फट मिळाली. मग इंजिन आणि गिअरबॉक्स चढले, गाडी चाकांवर उतरली, आणि उजवं दार मागच्या वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं. कारण साधं आहे. उघड्या गाडीला छप्पर नसतं, त्यामुळे दाराच्या चौकटीला वरून बांधून ठेवणारं काहीच नसतं. वजन पडलं की चॅसी मधोमध किंचित वाकते आणि चौकट वरच्या बाजूला मिटते. आजही मी आत बसलो की वरची फट जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी होते, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजलंय. म्हणून गाडी चाकांवर, इंजिन जागेवर, सीटवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती, आणि मगच दारांना हात लावायचा.

दुसऱ्या वेळी सगळं सोडवून पहिल्यापासून केलं. आधी दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना काढल्या आणि दोन्हींतून एकच सरळ सळई घातली. माझी सळई खालच्या बिजागरीत शिरेचना. म्हणजे दोन्ही एका रेषेत नव्हत्या आणि दार दर वेळी स्वतःशीच भांडत उघडत होतं. खालच्या बिजागरीमागे दीड मिलिमीटरचा शिम (पत्र्याचा पातळ तुकडा) घातला, सळई अलगद खाली उतरली, आणि दार एका बोटाने फिरायला लागलं. माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

मग फट. बायकोने दार खालून तोलून धरलं, मी कडेने प्लायवुडच्या ५ मिलिमीटरच्या पट्ट्या खोचल्या आणि बोल्ट आवळले. ५ अशासाठी की प्रायमर आणि रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात आणि फट खातात. त्यानंतर रबर, आणि लॅच सगळ्यात शेवटी. स्ट्रायकर (चौकटीवरची लॅच जिथे अडकते ती खुंटी) वर सरकवून लोंबतं दार उचलून धरणारे खूप बघितले. कृपा करून तसं करू नका, बिजागऱ्या लवकर जातात. स्ट्रायकर काढून दार नुसतं लोटून बघा, ते आपणहून जागेवर आलं पाहिजे.

शेजारी एक आजोबा राहतात, त्यांची उमेदीची वर्षं कॉव्हेंट्रीच्या कार कारखान्यात बॉडी जोडण्यात गेली. त्यांनी डोळे मिटून दाराच्या सांध्यावरून बोटं फिरवली आणि मला न दिसलेला उंचवटा तिथल्या तिथे दाखवला. कागदाची युक्तीही त्यांचीच. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची. सहज निघाली तर तिथे रबर दबत नाही, फाटली तर जास्त दाबलं जातंय. दर दहा सेंटीमीटरवर एकेक पट्टी ओढत गेलो. खालच्या मागच्या कोपऱ्यात पट्टी सहज सुटायची, आणि हिवाळ्यात पाणी नेमकं तिथूनच आत आलं. तिथे जाड बीडिंग लावल्यापासून गालिचा कोरडा आहे.

आता तक्रार. मार्चमध्ये उजवं दार मागच्या कडेला २ मिलिमीटर खाली बसलं. वरच्या बिजागरीतले प्लॅस्टिकचे बुश (पिनेभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजले होते. गाडी बुटकी, उतरताना माणूस दारावर भार टाकतोच, आणि हे किट बनवणाऱ्याने गृहीत धरायला हवं होतं. कळवल्यावर त्यांनी तसेच नवे बुश पाठवले. ते न वापरता मी लेथवर ब्राँझचे बुश करून घेतले, बोल्टवर थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने, आवळले. तेव्हापासून चार महिने फट जागची हललेली नाही. जूनच्या उन्हात गडद निळं दार तापून किंचित फुगतं, पण सोडलेल्या जागेत मावतं.

लॅचबद्दल नाव ठेवायला जागा नाही. बीडिंग ठीक, बिजागऱ्यांचं लोखंड दणकट, बुश मात्र पहिल्याच दिवशी बदलून टाका. डावं दार अजून सरळ आहे, तरी त्याचेही ब्राँझचे बुश आणून ठेवलेत. येत्या रविवारी पिना काढतोय.